पहिली ओळ देवीची

संगणकाला माउसने टिचक्या मारून काम सांगता येतं, तसं टाइप करूनही सांगता येतं. टाइप केलेला हुकूम वाचून यंत्राला समजावून देणारा एक प्रोग्राम मध्ये बसलेला असतो. त्याला शेल म्हणतात. माझी सगळी नोकरी या शेलसमोर गेली. युनिक्स जातीच्या यंत्रांवर तो एकच नसतो. सी शेल, कॉर्न शेल, बॅश, झेड शेल अशी बरीच मोठी भावकी आहे, आणि भावकीत असतं तसंच तिथंही आहे: तोंडवळा सारखा, सवयी वेगळ्या. एकाला बरोबर चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा चालत नाही, दुसऱ्याला चालते. एकात कंसाची एक जोडी पुरते, दुसऱ्यात दोन दिलेल्या बऱ्या. फरक मोठा असला तर यंत्र लगेच ओरडतं आणि थांबतं, त्याची मला कधी भीती वाटली नाही. फरक लहान असला की ते न ओरडता काम उरकतं आणि झालं म्हणून सांगतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेले हुकूम, घरच्या पीसीवर लिहून ऑफिसच्या जुन्या यंत्रावर चालवली होती. रोजच्या दूध संकलनाचा अहवाल छापायचा होता. घरच्या शेलमध्ये 'पुढच्या ओळीवर जाऊ नको' हे सांगायला एक उणे चिन्ह आणि एन अक्षर लिहायचं असतं. ऑफिसच्या शेलला ती खूण माहीत नव्हती, त्याने ती जशीच्या तशी छापून टाकली. अहवाल थेट संचालकांच्या बैठकीत गेला. पन्हाळ्याकडचे एक म्हातारे संचालक कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "ह्ये उणे कशाला घातलंय? आजचं दूध उणे हाय व्हय? म्हंजी आपूनच लोकास्नी द्यायचं?" सगळे हसले, मीही हसले, दुसऱ्या दिवशी ती ओळ दुरुस्त केली. लहान फरकाने एवढंच होतं, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती.

मी काम करते तो दूध संघ लहान आहे. कोल्हापूर म्हटल्यावर लोकांना जो आठवतो तो नव्हे. राधानगरी, गगनबावड्याकडच्या डोंगरातल्या गावांचं दूध आम्ही घेतो. प्रत्येक गावात एक दूध संस्था, कुठे दोन. बायाबापड्या, पोरं सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन येतात, संस्थेचा सचिव मोजून घेतो, कॅन भरतात, संघाची गाडी ते शीतकरण केंद्रावर नेते. गाडीची वेळ बदलली, रस्ता बंद झाला, तर सगळ्या सचिवांना मोबाइलवर मेसेज जातो. तो पाठवणारी स्क्रिप्ट माझी.

त्या स्क्रिप्टला लागणारी संस्थांची यादी आमच्या हेडक्लार्कनी बनवली होती. ते आता निवृत्त आहेत. आमच्याकडे कुठलंही नवं काम सुरू करताना पहिलं खातं देवीचं काढतात. दुकानात काढतात, पतपेढीत काढतात, आमच्या संघातही सभासद क्रमांक एक म्हणजे अंबाबाई. हेडक्लार्कनी संगणकावरच्या यादीतही पहिल्या ओळीत तेच नाव घातलं. प्रश्न असा आला की प्रत्येक नावापुढे मोबाइल नंबर हवाच, मोकळी जागा प्रोग्राम घेत नव्हता.

"मग भरून टाका की," ते म्हणाले.

"काय भरू? देवीचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"शून्यं घाला. धा शून्यं. देवीला काय, शून्यबी चालतंय."

"ओळच काढून टाकते ना. यादी आहे ही, पूजा नाही."

"म्याडम, ती ओळ काढायची असंल तर आधी मला काढा."

मी काढली नाही. त्यात अवघड काही नव्हतं. ऑफिसात तोवर आलेला बॅश हा शेल यादी मोजताना शून्यापासून सुरुवात करतो. म्हणजे देवी शून्यावर, पहिली संस्था एकवर. मी स्क्रिप्टला सांगितलं, एकपासून सुरू कर. देवी आपोआप वगळली गेली, संस्था सगळ्या आल्या, हेडक्लार्क खूश.

झेड शेल मात्र एकपासून मोजतो. जिन्यापाशी उभं राहून कुणाला पहिला मजला विचारला, तर काही जण उभे आहेत तोच दाखवतात आणि काही जण एक जिना चढून जातात, तसलाच हा प्रकार. दोघंही आपापल्या घरी बरोबर असतात. मला हा फरक माहीत होता. पण आमच्या ऑफिसात झेड शेल नव्हताच, त्यामुळे त्याचा विचार करायचं कारण पडलं नाही.

राधानगरीच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथे पुरुषांची जुनी संस्था होती. गावातल्या काही बायकांनी निराळी महिला संस्था काढली. कारण सरळ होतं. म्हशी बायका सांभाळतात, वैरण त्या आणतात, धार त्या काढतात, आणि जुन्या संस्थेत खातं नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. महिला संस्थेत खातं बाईच्या नावावर निघायचं. संघाने मंजुरी दिली ती तात्पुरती. अट अशी, की पहिला उन्हाळा एकही खाडा न पडता, दूध न नासता गेला पाहिजे. उन्हाळ्यात दूध कमी येतं आणि लवकर आंबतं, म्हणून कसोटी उन्हाळ्याची. एकदा जरी दूध परत गेलं तर संस्था जुन्या संस्थेत मिळवायची.

तिची सचिव पस्तिशीची असेल. दहावी शिकलेली, आवाज मोठा, उत्तर तयार. संघाच्या प्रशिक्षणाला आली तेव्हा चहाच्या वेळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेसेज तुमी पाठवता न्हवं?"

"हो."

"मग इंग्रजी अक्षरात का पाठवता? 'गाडी लवकर' वाचायला मला आदुगर 'जी ए डी आय' लावाय लागतंय. तवर गाडी जात्या की."

गंमत म्हणजे तिच्याआधी कुणी तक्रार केली नव्हती. बाकीचे सचिव वर्षानुवर्षं तसंच वाचत होते, किंवा वाचत नव्हते. मी त्या आठवड्यात मेसेज देवनागरीत सुरू केले. तिने फोन करून कळवलं, "आता कसं मान्सागत बोलतंय." बोलता बोलता कळलं, की तिचं माहेर गडहिंग्लजकडचं. माझंही तिकडचंच. त्या दिवसापासून मी म्याडमची अक्का झाले. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. एरवी ऑफिसात असली नाती लावून घ्यायला मला आवडत नाही. तिला मी काही म्हटलं नाही.

उन्हाळाभर ती अधूनमधून फोन करायची. वजनकाटा, फॅट काढायचं मशीन, कॅनची झाकणं, काही ना काही असायचं. गावात काय चाललंय तेही कळायचं. जुन्या संस्थेचे चेअरमन येता-जाता विचारायचे, "काय सचिवबाई, हाय न्हवं चालू अजून?" ती म्हणायची, "तुमाला घाई असंल तर तुमी बंद करा." मे उजाडला तोपर्यंत एकही खाडा नव्हता. एवढा महिना गेला की कायमची मंजुरी.

त्याच महिन्यात मी सासूबाईंना घेऊन नृसिंहवाडीला गेले. त्यांचा नवस होता. दोन रात्री तिथे राहायचं होतं. ऑफिसात तेव्हा नव्यानेच एक इंजिनिअर मुलगी आली होती, हुशार आणि सांगितलेलं नीट करणारी. जाण्याआधी मी तिला मेसेजची स्क्रिप्ट दाखवली. आमच्याकडे ती चालवायची पद्धत अशी: आधी एक टिंब, मग मोकळी जागा, मग स्क्रिप्टचं नाव. टिंब दिलं की समोर जो शेल उघडा असेल तोच स्क्रिप्ट वाचतो, दुसरा बोलावत नाही. मेसेज कंपनीचा पासवर्ड त्या उघड्या शेलमध्ये भरलेला असायचा, म्हणून ही पद्धत. तिने माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं, टिंब, जागा, नाव.

मी गेले त्याच दिवशी दुपारी निरोप आला की त्या गावाखालच्या पुलाचं काम सुरू होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संघाची जड गाडी वर जाणार नाही, वरच्या गावांनी दूध फाट्यावर आणायचं, तेही नेहमीपेक्षा तासभर आधी. ऑफिसचा पीसी रडतखडत चालत होता, म्हणून त्या मुलीने स्वतःचा लॅपटॉप उघडला. महागातला, सफरचंदाचं चित्र असलेला. त्यात आल्यापासूनच झेड शेल असतो. स्क्रिप्ट आणि यादी त्यावर उतरवून घेतली, पासवर्ड भरला, मग टिंब दिलं, जागा सोडली, नाव लिहिलं. स्क्रिप्ट न कुरकुरता चालली आणि शेवटी किती मेसेज गेले तो आकडा तिने दाखवला. आकडा संस्थांच्या संख्येशी तंतोतंत जुळत होता.

तो जुळणारच होता. एक नंबरपासून सुरू कर म्हटल्यावर झेड शेलने देवी धरली, कारण त्याच्या हिशेबी तीच एक नंबरची. तिथून जितक्या संस्था तितक्याच ओळी पुढे गेला, आणि यादीतली शेवटची एक उरली. नवी संस्था आली की तिचं नाव आम्ही यादीच्या तळाला लिहितो. सगळ्यांत नवी संस्था बायकांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. बायकांनी रोजच्यासारखं दूध घातलं. कॅन संस्थेच्या दाराशी लावून सचिव गाडीची वाट बघत उभी राहिली. जुन्या संस्थेचे कॅन त्याआधीच ट्रॅक्टरवरून खाली गेले होते, तिच्या दारावरूनच. ट्रॅक्टरवर बसलेल्यांनी तिचे कॅन पाहिले. कुणी काही बोललं नाही. नंतर विचारल्यावर ते म्हणाले, आमास्नी वाटलं तुमचं निराळं काय ठरलं असंल. असेलही. मी त्यावर पैज लावणार नाही.

ऊन वर आलं तेव्हा तिने केंद्रावर फोन केला आणि तिला पुलाचं समजलं. मिळेल ती जीप करून ती फाट्यावर गेली. गाडी निघून गेली होती. मग तीच जीप पुढे केंद्रापर्यंत नेली. तिथे कॅन उघडला, तपासणाऱ्याने वास घेतला आणि झाकण परत लावलं. दूध परत. रजिस्टरला खाडा.

तिने तिथूनच आमच्या संकलन विभागाच्या साहेबांना फोन लावला. मेसेज आला नाही म्हणाली. साहेबांनी आकडा मागवला. सगळ्यांना गेलाय, असं उत्तर दिलं. दर आठवड्याला कुणीतरी उशीर करून हेच सांगतं, त्यामुळे साहेबांना त्यात नवीन काही वाटलं नाही. माणूस वाईट नाही. मी त्यांच्या जागी असते तर आकडाच बघितला असता.

गावात जीप परत आली तेव्हा जुन्या संस्थेच्या कट्ट्यावर माणसं बसलेली होती. एकाने विचारलं, "काय वो, मेसेज आलता की. वाचाय येत न्हाय व्हय?" दुसरा म्हणाला, "वाचलाय ओ, पर बायकास्नी गाडी थांबत्याच असं वाटलं असंल." ती कॅन उतरवत होती. म्हणे काही बोलली नाही. तिने न बोलणं ही गोष्ट गावाला पुरेशी होती. बाई चुकली, असा अर्थ लोकांनी काढला. त्या संध्याकाळी तिने धारा लवकर काढायला लावल्या, कॅन घेऊन गाडीच्या कितीतरी आधी फाट्यावर जाऊन बसली आणि गाडी गाठली. त्याची चर्चा कुणी केली नाही.

मी परत आले त्या सकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली.

"अक्का, माझ्या फोनात काय बिघाड हाय का, तुमाला तिथनं बगता येतंय का?"

"का? काय झालं?"

"मेसेज आल्याला दिसत न्हाय. राधानगरीला दुकानात दावला. त्यो म्हणतोय फोन चांगला हाय. मग मीच पुसला का काय, कळंना. झोपंत हात लागला असंल तर…"

तिने सगळं सांगितलं. मी थांबा म्हटलं आणि फोन चालू ठेवूनच गेलेल्या मेसेजांची नोंद उघडली. सर्वांत वर दहा शून्यं होती. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी दिसली नव्हती. देवीला मेसेज गेला होता: दूध फाट्यावर आणा. मला हसू फुटलं. मग मी खाली सरकले, शेवटची ओळ बघितली, आणि हसू बंद झालं.

"बंद करू नका फोन," मी म्हटलं. "तुम्ही काही पुसलेलं नाही. मेसेज गेलाच नाही तुम्हाला."

"म्हंजी माजा फोन बरा हाय."

"बरा आहे."

"आन मीबी."

"तुम्हीही."

"मग ह्ये गावात येऊन सांगा, अक्का. माज्या तोंडातनं आता कोण ऐकणार न्हाय."

येते म्हटलं. नव्या मुलीला बोलावलं.

"कशावर चालवलीस?"

"माझ्या लॅपटॉपवर. तुम्ही सांगितलं तसंच, टिंब, जागा, नाव." मग तिने पडद्यावरची शून्यं बघितली आणि तिचा चेहरा उतरला. तिला समजायला मला काही बोलावं लागलं नाही. "मॅडम, झेड शेल. एकपासून मोजतो तो." थोड्या वेळाने म्हणाली, "साहेबांना मी सांगू? माझी चूक म्हणून?"

"तू सांगितलेलं केलंस. रडायचं असेल तर नंतर रड, आधी यादी दाखव. त्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक मेसेज तपासायचा आहे."

तिने तपासलं. शेवटच्या संस्थेला एकही गेला नव्हता. पुलाच्या कामाच्या रोजच्या वेळा ती बाई केंद्राला फोन करून विचारून घेत होती.

साहेबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे देवीला कळवलं आणि बायकांना नाही?"

"हो."

"हे मी संचालकांना कुठल्या तोंडाने सांगू? हसतील ओ ते."

"हसू देत. खाडा पुसा आणि तसं लेखी द्या."

"देऊ. बैठक होऊ दे, ठराव करू, रीतसर कागद काढू. नुसतं तोंडी जाऊन काय सांगणार तुम्ही? चेअरमन तिथला बेरकी आहे, कागद मागेल."

मला ते पटलं. मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई आहे. रिकाम्या हाताने जाऊन वाद घालण्यापेक्षा सही-शिक्क्यानिशी जावं, म्हणजे विषय मिटेल, असा माझा हिशेब. बैठक पुढच्या आठवड्यात होती, ती त्याच्या पुढच्या आठवड्यावर गेली. तेवढ्यात मी स्क्रिप्ट दुरुस्त केली. ओळीच्या क्रमांकावर भरवसा ठेवणं सोडलं, दहा शून्यं दिसली की वगळ असं स्पष्ट लिहिलं, आणि भलताच शेल असेल तर पहिल्या ओळीलाच थांब, असंही. अर्ध्या तासाचं काम होतं. मुलीकडून ते सगळ्या शेलमध्ये चालवून घेतलं. या दिवसांत सचिवबाईचा एकदाच फोन आला. "कवा येताय?" कागद निघाला की, मी म्हटलं. "बरं," म्हणाली. मोठ्या आवाजाची बाई नुसतं बरं म्हणून फोन ठेवते तेव्हा दुसऱ्या दिवशीची एसटी धरावी, एवढं मला कळायला हवं होतं. मी नाही धरली.

कागद निघाला तेव्हा संघाच्या जीपने गेले. खाडा रद्द, संस्थेचा दोष नाही, कायम मंजुरी देण्यात येत आहे, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. संस्थेच्या खोलीत सचिव होती, काही बायका होत्या, आणि जीप बघून जुन्या संस्थेचे चेअरमनही आले. खुर्ची मला दिली, ते दारात उभे राहिले.

मी कागद वाचला आणि साध्या भाषेत काय झालं ते सांगितलं. यादी, पहिली ओळ, दोन जातींची मोजणी. एका म्हातारीने विचारलं, "म्हंजी पैल्यांदा कुनाचं नाव हाय?"

"अंबाबाईचं."

"तिला फोन हाय?"

बायका हसल्या. सचिवबाईही हसली, मी तिला त्या दिवशी हसताना तेवढंच पाहिलं. मग तिने विचारलं, "आन आमास्नी शेवटाला का ठिवलं?"

"नव्या संस्थेचं नाव तळाला लिहितात."

"व्हय," ती म्हणाली. "नव्या सुनंला ताटबी शेवटालाच वाढत्यात."

चेअरमन दारातून म्हणाले, "म्याडम, तुमी आला, सांगितलं, लई बरं केलं. आमी कधी म्हटलं बाईंची चूक हाय म्हणून? मशीनच ते. चुकतंय."



मी विचारलं, "मग उद्यापासून सगळ्यांचं दूध पुन्हा इथे?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायका कमी आहेत. संस्था निघाली तेव्हाच्या मेळाव्याला मी आले होते, तेव्हा त्या खोलीत मावत नव्हत्या, बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. आता कोपऱ्यातले कॅन पालथे घातलेले, आणि पुष्कळसे कोरडे. ज्या होत्या त्या एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी त्या म्हातारीनेच सांगितलं.

"बाई, मशीनची चूक असंल. पर दूध तर नासलं न्हवं? त्याच सांजंला मालक म्हणाले, झाली तुमची हौस, उद्यापास्नं आपल्या संस्थेला घाला. तवा तुमी आला असता तर आमी भांडलो असतो. आता खाती निघाली तिकडं. परत फिरवायची म्हंजी मालकाला सांगाय पायजे, आन मालक म्हणत्यात, एकदा ठरलं ते ठरलं."

"खातं कुणाच्या नावावर निघालं?"

"कुनाच्या निघणार? त्यांच्याच."

माझ्या हातात कायमच्या मंजुरीचा कागद होता. तो मी सचिवबाईला दिला. तिने नीट वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि वजनकाट्याखाली ठेवला. जीपपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "उरलेल्यांना धरून चालवा. मी साहेबांशी बोलते, कमी दूध असलं तरी गाडी थांबेल." तिने मान डोलावली. साहेबांशी मी बोलले, त्यांनी मान्यही केलं. गाडी थांबत राहिली. पण दोन-तीन घरांच्या दुधावर संस्था चालत नाही. पावसाळ्याआधीच तिने बंद करत असल्याचा अर्ज पाठवला.

मशीन आणि काटा जमा करायला ती एकटी कोल्हापूरला आली. एसटीतून, दोन्ही वस्तू जुन्या लुगड्यात बांधून. मशीन इतकं स्वच्छ होतं की नवं वाटावं. मी चहा मागवला, तिने घेतला. जेवून जा म्हटलं, गाडी चुकंल म्हणाली.

"पावती द्या अक्का. चालू स्थितीत जमा केलं असं लिवा. न्हायतर उद्या म्हणतील, बिघडवून दिलं."

मी पावती लिहायला घेतली. मशीन, काटा, चालू स्थितीत, पूर्ण स्वच्छ. तेवढ्यावर मला थांबवेना. खाली आणखी लिहिलं: सदर संस्थेचे काम उत्तम होते, खाडा संघाच्या यंत्रणेमुळे पडला, सचिवांकडून कोणतीही चूक झालेली नाही. पावतीवर असं कुणी लिहीत नाही. तरीही लिहिलं आणि शिक्का मारून दिली.

तिने उभ्याउभ्या वाचली. वरचा भाग मशीनचा, तिथे बोट ठेवून बघितलं, बरोबर आहे म्हणाली. मग खालचा भाग दोनदा वाचला.

"ह्ये चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "पर आता ह्ये कुनाला दावू?"

तिने माझ्या टेबलावरची कात्री उचलली, वरचा भाग सरळ कापून घेतला, पिशवीत ठेवला, आणि खालचा माझ्या समोर सरकवला. "ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे." मग लुगडं झटकून त्याची घडी केली, आणि एसटी धरायला निघाली.